ट्रान्झिशनच्या प्रश्नांत जोडशब्द कसा निवडावा? गोव्यातील मराठी विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात अनेक मुलांचे प्राथमिक शिक्षण चौथीपर्यंत मराठीत होते आणि पाचवीपासून माध्यम इंग्रजी होते. बारावीनंतर परदेशी विद्यापीठात जाण्याच्या हेतूने एसएटी या प्रवेश परीक्षेची तयारी करताना ही मुले गणितात फारशी अडत नाहीत. मात्र रीडिंग अँड रायटिंग विभागातील ट्रान्झिशनच्या, म्हणजे दोन वाक्यांना जोडणारा शब्द निवडण्याच्या, प्रश्नांपाशी ती हमखास थबकतात. त्यांचे इंग्रजी कच्चे असते म्हणून असे होते, असे मला वाटत नाही. दोन वाक्यांमधले नाते ओळखण्याची जी समज त्यांना मराठीने लहानपणीच दिलेली असते, ती समज इंग्रजी परीक्षेत उपयोगी पडेल यावर त्यांचा विश्वासच नसतो. फोंडा परिसरात शिकवताना मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मी स्वतः रचली असून ती मुद्दाम गोव्यातील विषयांवर बेतली आहेत. प्रत्यक्ष परीक्षेत उतारा अर्थातच इंग्रजीत असतो.

हा प्रश्न नेमका कसा असतो?

एसएटीच्या रीडिंग अँड रायटिंग विभागात एकूण ५४ प्रश्न आणि ६४ मिनिटे असतात. त्यांची विभागणी २७ प्रश्नांच्या दोन मॉड्यूलमध्ये केलेली असते आणि प्रत्येक मॉड्यूलला ३२ मिनिटे मिळतात. पहिल्या मॉड्यूलमधील कामगिरीवर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र, साधारण २५ ते १५० शब्दांचा छोटा उतारा असतो. ट्रान्झिशनचे प्रश्न मॉड्यूलच्या उत्तरार्धात, व्याकरणाचे प्रश्न संपल्यावर येतात आणि ते सोप्याकडून कठिणाकडे लावलेले असतात.

उताऱ्यात एका वाक्याच्या आरंभी, क्वचित मध्ये, रिकामी जागा सोडलेली असते आणि तेथे सर्वांत तर्कसंगत जोडशब्द कोणता, असे विचारलेले असते. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते: चारही पर्याय व्याकरणाच्या दृष्टीने त्या जागी चालतात. त्यामुळे ‘कानाला बरे वाटते’ या कसोटीवर येथे काहीच ठरत नाही. मराठीतही ‘पाऊस पडला, म्हणून तो भिजला नाही’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. चूक आहे ती अर्थाच्या नात्यात, आणि परीक्षक तेवढेच नाते तपासत असतो.

सुरुवात कोठून करावी? पर्याय वाचून की उतारा वाचून?

उतारा वाचून, आणि पर्याय हाताने झाकून. संगणकाच्या पडद्यावर हात ठेवणे विचित्र वाटले तरी सरावाच्या दिवसांत ही सवय लावून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. पर्याय आधी वाचले की मन त्यांतल्या ओळखीच्या शब्दाकडे धावते, मग तो शब्द बसतो हे सिद्ध करण्यासाठी आपण उतारा वाचू लागतो आणि उताऱ्याने न सांगितलेले नातेही त्यात आपल्याला दिसू लागते.

रिकाम्या जागेच्या आधीचे वाक्य आणि नंतरचे वाक्य एवढीच दोन वाक्ये घ्यावीत, प्रत्येकाचा गाभा मनातल्या मनात चार-पाच मराठी शब्दांत सांगावा आणि मग त्यांच्यामधले नाते मोठ्याने बोलल्यासारखे स्पष्ट उच्चारावे. उदाहरणार्थ:

‘गोव्यातील खाजन शेते भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असतात. ____, बांधाला भगदाड पडले की खारे पाणी थेट शेतात शिरते.’

पहिल्याचा गाभा ‘शेत पाण्याखालच्या पातळीवर’, दुसऱ्याचा गाभा ‘बांध फुटला तर पाणी आत’. नाते कोणते? पहिली गोष्ट आहे म्हणून दुसरी घडते. आता पर्याय उघडावेत. हाउएव्हर, फॉर एग्झाम्पल, कन्सिक्वेन्टली आणि सिमिलरली यांपैकी परिणाम सांगणारा शब्द एकच आहे, कन्सिक्वेन्टली. पर्याय उघडण्याआधीच उत्तर ठरलेले होते. पर्यायांत आपण त्याचे इंग्रजी नाव तेवढे शोधले.

शाळेत शिकलेले मराठी व्याकरण येथे खरोखर उपयोगी पडते का?

पडते, आणि अपेक्षेपेक्षा बरेच जास्त. उभयान्वयी अव्ययांचे प्रकार बहुतेकांनी परीक्षेपुरते पाठ केलेले असतात. प्रधानत्वसूचक अव्ययांत समुच्चयबोधक म्हणजे आणि, शिवाय. विकल्पबोधक म्हणजे किंवा, अथवा. न्यूनत्वबोधक म्हणजे पण, परंतु. आणि परिणामबोधक म्हणजे म्हणून, सबब. गौणत्वसूचक अव्ययांत स्वरूपबोधक म्हणजे की, म्हणजे; कारणबोधक म्हणजे कारण; उद्देशबोधक म्हणजे यास्तव, म्हणून; आणि संकेतबोधक म्हणजे जर-तर, जरी-तरी. ही यादी म्हणजे वाक्यावाक्यांतील नात्यांचा तयार नकाशाच आहे. मोरओव्हर, अॅडिशनली आणि फर्दरमोर हे समुच्चयाचे, ऑल्टर्नेटिव्हली हा विकल्पाचा, हाउएव्हर न्यूनत्वाचा, देअरफोर, थस, हेन्स आणि अॅकॉर्डिंगली परिणामाचे, इन अदर वर्ड्स आणि दॅट इज स्वरूपाचे, टु दिस एन्ड उद्देशाचा, आणि नेव्हरदलेस, नीट पाहिले तर, जरी-तरीमधल्या ‘तरी’चा.

तीन नाती मात्र या यादीत येत नाहीत आणि ती वेगळी ध्यानात ठेवावी लागतात: उदाहरण देणे, साम्य दाखवणे आणि काळाचा क्रम सांगणे. यादीतला एक शब्द दोन ठिकाणी आला आहे, हेही सुटता कामा नये. ‘म्हणून’ परिणामबोधकही आहे आणि उद्देशबोधकही. विद्यार्थ्यांच्या बऱ्याच चुकांचे मूळ तेथेच आहे, आणि पुढचे उत्तर त्यामुळेच लांबले आहे.

इंग्रजी जोडशब्दांचे मराठी अर्थ पाठ केले आहेत. तरीही उत्तर का चुकते?

कारण मराठीतला एक शब्द इंग्रजीतल्या दोन वेगळ्या नात्यांची कामे करतो, आणि पाठ केलेल्या यादीत ही दोन्ही नाती एकाच अर्थाखाली येतात. अशा चार शब्दांवर मी सर्वाधिक वेळ देतो.

पहिला शब्द ‘तसेच’. आपण तो ‘शिवाय’ या अर्थाने वापरतो आणि ‘त्याचप्रमाणे’ या अर्थानेही. आता हे पाहा: ‘दशावतारी नाटक जत्रेत रात्रभर चालते. ____, त्यातील बरेच संवाद लिहिलेले नसतात. नट ते ऐनवेळी उत्स्फूर्तपणे बोलतात.’ येथे मराठी मनात ‘तसेच’ उमटते आणि हात सिमिलरलीकडे जातो. पण दोन्ही वाक्ये एकाच नाटकाविषयी आहेत; दुसऱ्याने माहितीत भर घातली आहे, तुलना केलेली नाही. उत्तर मोरओव्हर. दुसरे वाक्य बदलून ‘कर्नाटकातील यक्षगानाचे प्रयोगही परंपरेने रात्रभर चालतात’ असे केले की विषय दुसरा झाला आणि गुण तोच राहिला; तेथे सिमिलरली किंवा लाइकवाइज हवे. कसोटी सोपी आहे: सिमिलरली वापरायचे तर दोन वेगळ्या गोष्टी असाव्या लागतात आणि त्यांच्यात एक समान धागा असावा लागतो.

दुसरा शब्द ‘उलट’. बाय कॉन्ट्रास्ट आणि ऑन द कॉन्ट्ररी या दोघांनाही आपण ‘उलट’ म्हणतो, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘गोव्यातील जुन्या बांधकामांत जांभा दगड सर्रास दिसतो. ____, तांबडी सुर्ला येथील महादेव मंदिर काळ्या बेसॉल्टचे आहे.’ येथे दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत आणि दोन्ही विधाने खरी आहेत, म्हणून बाय कॉन्ट्रास्ट. आता दुसरे उदाहरण: ‘खाजनातील मानशीची (बांधातील पाणी अडवणाऱ्या झडपेची) दारे म्हणजे ओबडधोबड कामचलाऊ सोय नव्हे. ____, भरतीच्या दाबाने ती आपोआप मिटतात आणि ओहोटीला आपोआप उघडतात.’ येथे विषय एकच आहे. पहिल्या वाक्याने एक समज नाकारला आणि दुसऱ्याने त्या नकाराला पुरावा दिला. हे काम ऑन द कॉन्ट्ररीचे. नकाराचे वाक्य आधी नसेल, तर ऑन द कॉन्ट्ररी हा पर्याय संशयानेच पाहावा.

तिसरा शब्द ‘खरे तर’. मराठीत ‘खरे तर’ बहुधा वळण घेते: तो शांत दिसतो, खरे तर मनातून धुमसत असतो. त्यामुळे इन्डीडचा अर्थ ‘खरे तर’ असा पाठ केलेला विद्यार्थी तो विरोधाच्या जागी टाकून मोकळा होतो. इन्डीड कधीच वळत नाही. तो आधीचे म्हणणे त्याच दिशेने अधिक जोराने मांडतो. ‘गोव्यात पावसाळा जोरदार असतो. ____, राज्याच्या वार्षिक पावसाची सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास जाते.’ येथे इन्डीड बसतो. त्याच्यासाठी ‘खरोखरच’ किंवा ‘इतकेच नव्हे तर’ हे प्रतिशब्द मनात धरावेत. इन फॅक्टही परीक्षेत बहुतेक वेळा असाच भर देण्यासाठी येतो.

चौथा शब्द ‘म्हणून’, ज्याचा उल्लेख वर आला. ‘खारे पाणी शेताबाहेर राखणे गावकऱ्यांना आवश्यक होते. ____, त्यांनी बांध घातले आणि पाण्याच्या वाटेवर मानस बसवली.’ आणि ‘बांधाची डागडुजी वेळेवर झाली नाही. ____, शेतात खारे पाणी शिरले आणि जमीन नापीक झाली.’ मराठीत दोन्हीकडे ‘म्हणून’ म्हणता येते. पहिल्यात कोणीतरी हेतू मनात धरून कृती केली आहे, तेथे टु दिस एन्ड शोभते. दुसऱ्यात कोणाचाही हेतू नाही, घटना घडत गेली आहे, तेथे अॅज अ रिझल्ट. जमीन नापीक करण्यासाठी कोणी पाणी आत सोडले का, एवढे स्वतःला विचारले की गोंधळ मिटतो.

या चारांची वहीत वेगवेगळी पाने करावीत आणि सरावात चूक झाली की ती त्या त्या पानावर नोंदवावी. महिन्याभरात आपला कमकुवत शब्द कोणता, हे पानांच्या भरावरूनच दिसते.

हाउएव्हर आणि नेव्हरदलेस यांत फरक काय? दोन्ही ‘पण’च ना?

हाउएव्हर हे साधे ‘पण’ आहे; कोणताही विरोध किंवा वळण ते सांगू शकते. नेव्हरदलेसला अधिक काही लागते. आधीच्या गोष्टीमुळे आपण एक अपेक्षा करावी आणि ती अपेक्षा मोडावी, असे त्याचे रूप आहे. ‘काजूचे झाड मूळचे ब्राझीलकडचे; पोर्तुगिजांनी ते गोव्यात आणले. ____, काजूची फेणी आज गोव्याची खूण मानली जाते आणि २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले.’ झाड परके, मग त्याची फेणीही परकी वाटायला हवी, ही अपेक्षा, ती मोडली. येथे नेव्हरदलेस किंवा स्टिल चपखल बसतात.

हाउएव्हर आणि नेव्हरदलेस दोन्ही एकाच प्रश्नात पर्याय म्हणून दिसले, तर काय करावे, असेही विचारले जाते. दोन पर्याय त्या जागी अगदी एकच काम करत असतील, तर दोन्ही बाद समजावेत, कारण बरोबर उत्तर एकच असते. देअरफोर आणि थस एकत्र दिसले की हा नियम विशेष कामी येतो. मात्र तो लावण्याआधी दोघांत खरोखर फरक नाही ना, हे पाहावे. बाय कॉन्ट्रास्ट आणि ऑन द कॉन्ट्ररी या जोडीला तो लावला तर फसगत होईल.

कधी कधी दोन वाक्ये बरोबर वाचूनही नाते सापडत नाही. असे का?

बहुधा नाते एका वाक्याशी नसून त्याआधीच्या संपूर्ण विचाराशी असते, किंवा दोन वाक्ये एकाच घटनेच्या दोन बाजू सांगत असतात आणि आपण त्यांत कारण आणि परिणाम शोधत राहतो. मला आवडणारे एक उदाहरण देतो. ‘१५५६ मध्ये पोर्तुगालहून निघालेले एक छपाईयंत्र इथिओपियाला पोहोचवायचे होते. ते तेथे कधीच गेले नाही. ____, ते गोव्यातच राहिले आणि त्यावर भारतातील छपाईला आरंभ झाला.’

अनेक विद्यार्थी येथे कन्सिक्वेन्टली निवडतात: गेले नाही, म्हणून राहिले. पण ‘न जाणे’ आणि ‘राहणे’ या दोन घटना नाहीत. ती एकच घटना आहे, एकदा नकाराने आणि एकदा होकाराने सांगितलेली. कारण आणि परिणाम यांसाठी दोन घटना लागतात. येथे एका जागेऐवजी दुसरी जागा आली आहे, म्हणून उत्तर इन्स्टेड, मराठीत ‘त्याऐवजी’. इन्स्टेड निवडताना आधी काहीतरी नाकारलेले किंवा टळलेले आहे का, हे पाहावे. तसे काही नसेल तर तो पर्याय सोडून द्यावा.

काळ सांगणारे जोडशब्द कठीण असतात का?

नाही. वाक्यांत वर्षे दिलेली असतील तर उत्तर जवळपास हातात असते. ‘१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पुढे केंद्रशासित प्रदेशाचा भाग राहिला. ____, ३० मे १९८७ रोजी त्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला.’ येथे सबसिक्वेन्टली. मीनव्हाइलसाठी दोन घटना एकाच काळात, वेगळ्या ठिकाणी किंवा वेगळ्या लोकांकडून घडत असाव्या लागतात. एवढे पुरे आहे.

घरी कोकणी, प्राथमिक शाळेत मराठी आणि आता इंग्रजी. नाते कोणत्या भाषेत उच्चारावे?

ज्या भाषेत तुम्ही न अडखळता वाद घालता, त्या भाषेत. घरात ‘पूण’ आणि ‘देखून’ म्हणत वाढलेल्या मुलाने मनात तेच शब्द वापरावेत. विरोध आणि परिणाम ही नाती तेथेही तितकीच स्पष्ट आहेत. दोन-तीन भाषांमधून ये-जा करणारे गोव्यातील मूल याबाबतीत कमनशिबी आहे, असे पालकांकडून ऐकले की मला वाईट वाटते. एकच नाते वेगवेगळ्या शब्दांनी सांगण्याची सवय त्याला न शिकवता लागलेली असते, आणि या प्रश्नात नेमकी तीच तपासली जाते.

एका प्रश्नाला किती वेळ द्यावा?

सरासरी काढली तर प्रत्येक प्रश्नाला ७० सेकंदांच्या थोडे वर मिळतात. ट्रान्झिशनचा प्रश्न त्याहून लवकर सुटायला हवा, कारण वाचलेला वेळ दीर्घ अनुमानाच्या प्रश्नांना लागतो. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

सराव कशावर करावा?

परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक या अॅपमध्ये पूर्ण सराव चाचण्या विनामूल्य मिळतात आणि खान अकॅडमीवरही विनामूल्य सराव आहे. इंग्रजी प्रश्नांसाठी एवढे पुरेसे आहे. त्याला जोडून मी एक सराव मराठीत करायला सांगतो. कोणत्याही मराठी दैनिकाचा अग्रलेख घ्यावा. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसले तर अनेक दैनिके एकत्र मिळतात. घरातल्या कोणाला तरी त्यातील परंतु, त्यामुळे, किंबहुना, शिवाय, उदाहरणार्थ असे शब्द पांढऱ्या पट्टीने झाकायला सांगावेत आणि आपण ते ओळखावेत. लेखकाचा शब्द आणि आपला शब्द जुळला नाही, तर लेखकाला कोणते नाते अभिप्रेत होते आणि आपल्याला कोणते दिसले, हे एका ओळीत लिहावे. ‘किंबहुना’ ओळखता येऊ लागले की इन्डीड आपोआप जमू लागतो.

दोन पर्यायांत अडकलो तर शेवटी कसे ठरवावे?

प्रत्येक जोडशब्द वाचकाला पुढच्या वाक्याबद्दल काहीतरी वचन देतो. अडकलेले दोन शब्द एकेक करून घ्यावेत, पुढचे वाक्य झाकावे आणि हा शब्द वाचल्यावर पुढे काय यायला हवे, हे स्वतःला विचारावे. फॉर इन्स्टन्स वाचल्यावर, आधीच्या सर्वसाधारण विधानाच्या पोटात मावणारी एक गोष्ट यायला हवी. स्पेसिफिकली वाचल्यावर आधी मोघम ठेवलेला तपशील नेमका व्हायला हवा. समजा आधीचे वाक्य ‘खाजनाच्या एका व्यवस्थेतून अनेक उत्पन्ने निघत’ असे आहे आणि पुढचे ‘बांधाआड भात, मानशीपाशी मासळी आणि काही ठिकाणी मिठागरे असत’ असे आहे. दुसऱ्या वाक्याने अनेकांपैकी नमुन्याला एक उत्पन्न दाखवले नाही. ‘अनेक’ म्हणजे कोणकोणती, ते उलगडून सांगितले. वचन पाळले जाते ते स्पेसिफिकलीचे. तेच वाक्य फक्त ‘मानशीपाशी मासळी पकडली जाई’ एवढे असते, तर उत्तर फॉर इन्स्टन्स झाले असते.